थिएटरसाठी काढलेली सात मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांच्या मुलीसोबत टॉम अँड जेरी बघताना काही भाग बघत राहावेसे वाटतात, तर काही नुसते उरकल्यासारखे वाटतात. पात्रं तीच, नाव तेच, मग हा फरक कशामुळे? हे भाग मुळात टीव्हीसाठी नव्हते, थिएटरमध्ये दाखवायला केले होते असं ऐकलंय, ते खरं का? असेल तर ते बंद का पडलं, आणि आपल्याकडे तसं काही झालं का?

आधी हे सांगतो की तुमची नजर पक्की आहे. मी १९८९ साली दादरच्या एका लहानशा स्टुडिओत सेल, म्हणजे ॲनिमेशनच्या चित्रांचे पारदर्शक ताव, रंगवायला बसलो. तिथून इन-बिटविन, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणं, मग ॲनिमेशन, आणि गेली काही वर्षं पुण्यात शिकवतोय. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी काही न सांगता दोन भाग लागोपाठ दाखवतो, एक १९४०च्या दशकातला आणि एक १९७५चा. फरक सगळ्यांना दिसतो. कारण विचारलं की मात्र वर्ग गप्प होतो.

तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. १९४० ते १९६७ या काळात टॉम अँड जेरीचे १६१ छोटे चित्रपट झाले आणि ते सगळे थिएटरसाठी होते. त्यातले पहिले ११४ विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीच्या स्टुडिओत केले, १९४० ते १९५८मध्ये. मग १३ प्रागमध्ये जीन डाइचच्या हाताखाली झाले, १९६१-६२च्या सुमारास. नंतरचे ३४ चक जोन्सचे. टीव्हीसाठी म्हणून वेगळी मालिका आली ती १९७५ला. चॅनेलवाले हे सगळं एकाच पोत्यात भरून दाखवतात, म्हणून तुमचा गोंधळ होतो. ओळखायचं कसं तेही सांगून ठेवतो. सुरुवातीला एमजीएमच्या सिंहाच्या जागी टॉमच ओरडताना दिसला आणि पुढे त्याच्या भुवया जाड असल्या, तर तो चक जोन्सचा भाग. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतोय आणि हालचाल हिसक्याहिसक्याने होतेय, तर प्रागचा. जेरीच्या गळ्यात लाल बो असेल आणि दोघं मित्र असतील, तर १९७५चा. उरलेले, ज्यांत टॉमच्या अंगाला वजन आहे आणि धडपडीला ताल आहे, ते हॅना-बार्बेरांचे.

आता कारण. ते शोधायचं तर आधी तिकीटखिडकीवर जावं लागेल.

१९३०-४०च्या अमेरिकेत माणूस सिनेमाला गेला की त्याला फक्त सिनेमा मिळत नसे. आधी बातमीपट, मग एखादा प्रवासपट किंवा छोटी विनोदी फिल्म, एक कार्टून, आणि नंतर मुख्य चित्रपट. कार्टूनचे वेगळे पैसे कुणीच देत नव्हतं. आपल्याकडच्या थाळीसारखंच ते होतं. चटणी, कोशिंबीर, पापड यांचा भाव वेगळा लावत नाहीत, पण नसले तर ताट रितं वाटतं. ही थाळी विकत घेणारा मात्र प्रेक्षक नव्हता, थिएटरमालक होता. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर यांची स्वतःची थिएटरं होती, आणि बाहेरच्या थिएटरमालकाला मोठ्या नटनटीचा चित्रपट हवा असेल तर सोबत कंपनीचे बाकीचे चित्रपट आणि छोट्या फिल्मही घ्याव्या लागत. याला ब्लॉक बुकिंग म्हणत. थोडक्यात, कार्टूनला गिऱ्हाईक आधीच बांधलेलं होतं.

कार्टूनची लांबीसुद्धा तिथूनच ठरली. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचं एक रीळ हजार फुटांचं, आणि मिनिटाला नव्वद फूट फिल्म प्रोजेक्टरमधून जाते, म्हणजे रीळभर फिल्म अकरा मिनिटं चालते. कार्टून त्या एका रिळात बसायला हवं आणि कार्यक्रमात लुडबूड न करता संपायलाही हवं. सहा-सात-आठ मिनिटं हे माप त्यातून आलं. तुमची मुलगी आज जे सात मिनिटांचे भाग बघतेय त्यांचं माप असं ठरलंय.

या थाळीचा कलेला काय फायदा झाला ते बघा. वॉर्नरने लिऑन श्लेसिंगर या निर्मात्याकडून १९३०पासून 'लूनी ट्यून्स' आणि १९३१पासून 'मेरी मेलडीज' घेतली. दुसऱ्या मालिकेचा सुरुवातीचा हेतू सरळ धंद्याचा होता. वॉर्नरकडे गाणी छापणाऱ्या कंपन्या होत्या, त्यांची गाणी कार्टूनमधून लोकांच्या कानावर घालायची. पण त्यामुळे झालं असं की १९३६मध्ये कार्ल स्टॉलिंग संगीतकार म्हणून आला तेव्हा त्याच्या हाताशी वॉर्नरची सगळी गाणी होती, आणि मोठ्या चित्रपटांसाठी ठेवलेला भरगच्च वाद्यवृंदही होता. एका सशाने गाजर खाण्यामागे पन्नासेक वादक वाजवतायत! त्या सात मिनिटांच्या स्वतःच्या कमाईत हे कधीच बसलं नसतं. ताट मोठं होतं म्हणून बसलं. माझ्या मते 'जुने भाग चांगले का' याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आता थोडं मागे जातो, कारण १९४०चा टॉम आभाळातून पडला नाही.

विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकाराने १९१४ला गर्टी नावाची डायनासोर पडद्यावर चालवली. कागद पातळ होता आणि प्रत्येक चित्रात मागचे डोंगर, दगड, पाणी पुन्हा काढावं लागत होतं. तेवढं उतरवायला त्याने एक मुलगा हाताशी घेतला होता. गर्टी आजही बघा, मागच्या रेघा किंचित थरथरताना दिसतील. तो एका माणसाच्या हाताचा थरथराट आहे आणि मला तो फार आवडतो. पण अशा पद्धतीने दर महिन्याला नवी फिल्म निघणं शक्य नव्हतं. मालिका चालवायची तर कारखाना लागतो. तो जॉन ब्रेने उभा केला, आणि त्यासाठी लागणारी खरी वस्तू अर्ल हर्डने दिली: पारदर्शक सेल्युलॉइडचा ताव, म्हणजे सेल. १९१४मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. पात्र सेलवर काढायचं, मागचं दृश्य एकदाच कागदावर रंगवायचं, आणि वर सेल बदलत राहायचं. ब्रे आणि हर्ड यांनी पेटंटं एकत्र करून इतर स्टुडिओंकडून वर्षानुवर्षं परवान्याचे पैसे घेतले. त्याच सुमाराला राऊल बारेने कागदाला भोकं पाडून ती खुंट्यांवर बसवायची पद्धत आणली, म्हणजे एकावर एक चित्रं हलत नाहीत. आजही माझ्या टेबलावर पेग बार आहे. शंभर वर्षांत त्यात फारसा बदल झालेला नाही.

मूक काळातला राजा म्हणजे फेलिक्स, एक काळी मांजर, १९१९पासून. ती खरी घडवली ऑटो मेस्मरने, पण पडद्यावर नाव झळकायचं ते स्टुडिओचे मालक पॅट सुलिव्हन यांचं. हा अन्याय या धंद्यात पुढेही होत राहिला. फेलिक्स मागे हात बांधून विचार करत येरझाऱ्या घालायचा आणि प्रेक्षकाला कळायचं की हा विचार करतोय. नुसती हालचाल आणि मनात काहीतरी चाललंय म्हणून होणारी हालचाल, यातला फरक तिथे पहिल्यांदा ठळक झाला.

मग आवाज आला. मिकी माउसची 'स्टीमबोट विली' न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये १८ नोव्हेंबर १९२८ला लागली. हिला सर्रास 'पहिलं बोलकं कार्टून' म्हणतात, ते चूक आहे. मॅक्स फ्लायशरने त्याआधीच आवाजाची कार्टूनं काढली होती. गाण्याच्या शब्दांवर उड्या मारणारा चेंडू त्याचाच, आणि प्रेक्षक थिएटरात त्या चेंडूबरोबर गात असत. डिस्नेच्या त्या फिल्मचं वेगळेपण तालात होतं. बहुतेक चित्रं अब आयवर्क्सने काढली, आणि विल्फ्रेड जॅक्सनने मेट्रोनोम हे ठोके देणारं यंत्र लावून कोणत्या ठोक्याला किती चित्रं लागतील याचा हिशोब बसवला. हा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), म्हणजे मिनिटाला १,४४०. दर बारा चौकटींना एक ठोका ठेवला तर मिनिटाला १२० ठोके होतात. दर आठला ठेवला तर १८०. एकदा हे जुळलं की वाद्यवृंद आणि चित्रकार एकमेकांना न भेटताही एका तालात काम करू शकतात. तरीही विलीचं पहिलं ध्वनिमुद्रण फसलं होतं. वादक चित्राबरोबर राहीनात, तेव्हा फिल्मवरच उडता चेंडू छापून त्यांना ताल दाखवला आणि पुन्हा मुद्रण केलं.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं प्रत्येक स्टुडिओ दुसऱ्याच्या पुढे जायला बघत होता. डिस्नेने १९३२ला तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर या रंगपद्धतीतलं पहिलं कार्टून केलं, 'फ्लॉवर्स अँड ट्रीज'. त्याला ऑस्कर मिळालं आणि काही वर्षं ते रंग कार्टूनमध्ये वापरायचा हक्क फक्त त्याच्याकडे राहिला. फ्लायशरने १९३०ला बेटी बूप आणली, १९३३ला पॉपायला पडद्यावर आणलं, आणि चित्रांच्या मागे खरोखरचे छोटे सेट बांधून ते फिरवले. वॉर्नरमध्ये टेक्स एव्हरीने वेग वाढवला. १९३७ला डॅफी डक आणि १९४०ला 'अ वाइल्ड हेअर'मधला बग्ज बनी हे त्याच्याच युनिटचे. तिथली माणसं ज्या मोडक्या इमारतीत बसायची तिला त्यांनीच 'टर्माइट टेरेस' म्हणजे वाळवीचा मजला असं नाव दिलं होतं. चक जोन्सही तिथलाच, ज्याने पुढे टॉम अँड जेरी केलं. त्याची सुरुवात आयवर्क्सच्या स्टुडिओत सेल धुण्यापासून झाली होती. चित्रण झालं की सेल धुऊन पुन्हा वापरायचे, म्हणून त्या काळातली हजारो मूळ चित्रं धुऊन गेली. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

टॉम अँड जेरीची सुरुवात १० फेब्रुवारी १९४०ला 'पस गेट्स द बूट'ने झाली. मांजराचं नाव तेव्हा जॅस्पर होतं. श्रेयनामावलीत हॅना-बार्बेरांचं नावच नव्हतं, रुडॉल्फ आयसिंग एकट्याचं होतं. वरिष्ठांना 'मांजर-उंदीर' ही कल्पना शिळी वाटत होती. मग टेक्ससमधून थिएटर चालवणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं, की त्या मांजर-उंदराच्या आणखी फिल्म कधी येणार? आणि मालिका सुरू राहिली. बघा, इथेही निर्णय झाला तो थिएटरवाल्यांच्या मागणीवर. नावासाठी स्टुडिओतच स्पर्धा घेतली आणि टॉम अँड जेरी हे नाव सुचवणाऱ्याला ५० डॉलर मिळाले.

दोघांची कामं वाटलेली होती. बार्बेरा प्रसंग रचायचे आणि भराभर रेखाटनं काढायचे, हॅना टायमिंग लावायचे. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळीसुद्धा हॅनांच्या गळ्यातली आहे. टायमिंग म्हणजे एक्स-शीट नावाच्या तक्त्यावर प्रत्येक चौकटीचा हिशोब. सात मिनिटं म्हणजे १०,०८० चौकटी. सावकाश हालचालीत एक चित्र दोन चौकटी धरतात, त्याला आम्ही 'टूजवर' म्हणतो, पण धावपळीत, आपटाआपटीत 'वन्सवर' जावं लागतं, दर चौकटीला नवं चित्र. पात्रं दोन, कधी कुत्रा धरून तीन. प्रत्येकाची आधी पेन्सिल, मग क्लीन-अप म्हणजे स्वच्छ रेघ, मग सेलवर शाई, मग रंग. एका फिल्ममागे हजारो सेल सहज लागतात.

आणि ते सेल म्हणजे काय असतं हे मी बोटांनी जाणतो. सेलच्या पुढच्या बाजूला शाईची रेघ, आणि रंग मागच्या बाजूने. हातात पातळ सुती मोजे, फक्त धरायची बोटं उघडी, कारण बोटाचा ठसा कॅमेऱ्याला दिसतो. रंग ब्रशने ओढायचा नाही. थेंब सोडून तो रेघेपर्यंत हळूहळू ढकलत न्यायचा, नाहीतर उजेडात ब्रशचे ओरखडे दिसतात. सेल पूर्ण पारदर्शक नसतो, त्यात किंचित राखाडी-पिवळी झाक असते. एकावर एक चार ठेवले की खालच्या सेलवरचा पांढरा मळकट दिसतो. म्हणून एकाच पात्राचा रंग थरागणिक वेगळा मिसळायचा: तळाच्या थराला उजळ, वरच्या थराला जरा उतरता. आमच्याकडे बाटल्यांवर थराचा आकडा लिहिलेला असे. जुलैत दादरला रंग वाळतच नसे. प्रत्येक सेलमध्ये बटर पेपर घालून, टेबललॅम्पखाली रात्रभर रांग लावून ठेवायची आणि सकाळी एकेक सोडवायचा. एकदा घाईत वीस-बावीस सेल एकमेकांना चिकटले, सगळे पुन्हा रंगवले. ती तीन सेकंदांची साबणाची जाहिरात होती. त्यानंतर टॉमची राखाडी पाठ आणि पांढरं पोट एकाही चौकटीत लुकलुकत नाही हे बघताना मला त्या शाई-रंगाच्या विभागातल्या बायका डोळ्यांसमोर येतात. बहुतेक स्टुडिओंत हे काम बायकाच करत आणि त्यांना पुरुष ॲनिमेटरपेक्षा कमी पगार मिळे. पडद्यावर त्यांचं नाव नसे.

संगीत स्कॉट ब्रॅडलीचं. हा माणूस गंभीर संगीतकार होता आणि उंदरामागे धावणाऱ्या मांजरासाठी त्याने बारा सुरांच्या आधुनिक पद्धतीचासुद्धा वापर केला, १९४४च्या 'पुटिन ऑन द डॉग'मध्ये. टॉम आणि जेरी बोलत नाहीत हे आपण गृहीत धरतो, पण त्यांचं बोलणं वाद्यवृंद करत असतो. तो काढून घेतला की उरते नुसती मारामारी.

एकच फिल्म निवडायची तर मी 'द कॅट कॉन्सर्टो' निवडतो, जिला १९४६ सालचं ऑस्कर मिळालं. टॉम लांब कोट घालून मंचावर येतो, वाकून अभिवादन करतो आणि फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला बसतो. सुरुवातीला विनोद जवळजवळ नाहीच. फक्त एक वादक वाजवतोय, डोळे अर्धे मिटून, मान ताठ. मग कळतं की पियानोच्या आत हातोड्यांवर जेरी झोपलाय. झोपमोड झालेला जेरी वर येऊन टॉमच्या वाजवण्याची नक्कल करत संगीत संचालकासारखे हात हलवतो, टॉम त्याला टिचकीने उडवतो, आणि सूर एकदाही थांबत नाही. इथून पुढे सगळी भांडणं ही रचनेच्या आत बसवलेली आहेत. जेरी एका पट्टीखालून डोकं काढतो, तर टॉम नेमक्या त्याच पट्टीवर कंपित सूर वाजवतो, आणि तो सूर रचनेत खरोखर तिथेच आहे. संगीत आधी, चित्र त्याच्या मागून. टॉमच्या हाताला चारच बोटं, तरी ती जिथे पडतात तिथला सूर कानाला पटतो. शेवटी थकून विस्कटलेला टॉम पियानोवर कोसळतो आणि प्रकाशझोत जेरीवर जातो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की टॉमच्या बोटांकडे नंतर बघा, आधी खांदे बघा. वाजवण्याचं वजन खांद्यातून मनगटात आणि मनगटातून बोटात उतरतंय. ही शिस्त पुढे टीव्हीत राहिली नाही.

या मालिकेला एकूण सात ऑस्कर मिळाली. ती घ्यायला मंचावर गेले निर्माते फ्रेड क्विम्बी. हॅना आणि बार्बेरा नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, मुलीसोबत बघताय म्हणून. जुन्या भागांत घरातली कृष्णवर्णीय बाई आहे, बहुतेक वेळा फक्त पायच दिसतात. तिचं बोलणं, तिची जागा ही त्या काळच्या अमेरिकी वर्णभेदातून आलेली आहे. स्फोटानंतर काळं तोंड होऊन होणारे विनोदही त्यातलेच. टीव्हीवर यातलं बरंचसं कापलं, काही ठिकाणी ती बाई बदलून नवी चित्रं घातली. मला ही मालिका प्राणाइतकी प्रिय आहे आणि तो भाग मला सहन होत नाही, दोन्ही खरं आहे. मुलीने विचारलं तर सांगा की हे चूक होतं.

आता, बंद का पडलं. १९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. ब्लॉक बुकिंग बेकायदा ठरलं आणि कंपन्यांना आपली थिएटरं वेगळी करावी लागली. निकाल न्यायाचाच होता, छोट्या थिएटरमालकांची अडवणूक खरी होती. पण थाळी मोडली आणि प्रत्येक पदार्थाचा वेगळा भाव लागला. कोशिंबिरीला कोण किती देणार? थिएटरं कार्टूनला मिळेल ते कमीत कमी भाडं देऊ लागली. तेवढ्यात घरोघर टीव्ही आला, प्रेक्षक घटले, मजुरी वाढली. एमजीएमच्या हिशोबनिसांच्या लक्षात आलं की जुनं कार्टून पुन्हा लावलं तरी नव्याच्या जवळपास कमाई होते. मग नवं काढायचं कशाला? १९५७मध्ये त्यांनी कार्टून स्टुडिओच बंद केला. मालिका सर्वांत कसलेल्या हातांत असताना ती थांबली. उरलेल्या तयार फिल्म १९५८पर्यंत लागत राहिल्या.

हॅना-बार्बेरांनी त्याच वर्षी टीव्हीकडे मोर्चा वळवला आणि डिसेंबर १९५७ला त्यांची पहिली टीव्ही मालिका आली. पैसे पूर्वीच्या तुलनेत अगदीच थोडे होते. मग काय करायचं? त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे, कधी विचार केलात? कॉलरच्या रेघेवर डोकं धडापासून वेगळं करता येतं. धड एकाच सेलवर स्थिर ठेवायचं, वर फक्त डोकं किंवा नुसतं तोंड बदलायचं. फ्रेड फ्लिंटस्टोनचा टायही त्याचसाठी. धावताना मागचं तेच झाड, तीच खिडकी पुन्हा पुन्हा जाते. विनोद चित्रातून निघून संवादात गेला. १९७५च्या टॉम अँड जेरीत तुम्हाला जे 'उरकल्यासारखं' वाटतं ते हे. माणसं तीच होती, ज्यांनी कॅट कॉन्सर्टो केलं तीच. त्यांचं कसब गेलं नव्हतं, त्यांचा वेळ गेला होता.

म्हणून कमी चित्रांचं ॲनिमेशन म्हणजे वाईट असं मात्र समजू नका. यूपीए या स्टुडिओने १९५०ला 'जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग' केलं ते मुद्दाम सपाट, थोडक्या रेघांचं आणि अप्रतिम आहे. तिथे साधेपणा ही निवड होती. यूपीए उभारणाऱ्यांत डिस्नेमधून बाहेर पडलेले, तिथला १९४१चा संप बघितलेले लोक होते.

थिएटरमधली बाकीची कार्टूनं हळूहळू विझली. १९६४ला पिंक पँथरने एक सुंदर शेवटचा बहर आणला, त्याच्या पहिल्याच छोट्या फिल्मला ऑस्कर मिळालं. वॉर्नरने १९६९ला थांबवलं, वुडी वुडपेकरवाल्या वॉल्टर लँट्झने १९७२ला.

आपल्याकडचं सांगतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ला 'आगकाड्यांची मौज' केली, आगकाड्या एकेक चौकट सरकवून चित्रित केलेली. म्हणजे मॅकेच्या गर्टीनंतर वर्षभरातच आपल्याकडे हे काम झालं होतं. १९३४ला प्रभातने 'जंबूकाका' हे कार्टून काढलं. प्रभात तेव्हा नुकतीच कोल्हापूरहून पुण्यात आली होती. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे ती ही जागा. पण एकेका प्रयत्नाची मालिका झाली नाही, कारण मागे थाळी नव्हती: सलग घेणारं गिऱ्हाईक नव्हतं, शाई-रंगाचा विभाग नव्हता. मुंबईत धोबीतलावचं मेट्रो थिएटर खुद्द एमजीएमने १९३८ला बांधलं. माझे वडील सांगत की तिथे मोठ्या सिनेमाआधी टॉम अँड जेरी लागलं की बाल्कनीतली मोठी माणसंसुद्धा ओरडायची. म्हणजे मुंबईकरांना ते ताट मिळालं, पण वाढलेलं सगळं बाहेरचं होतं.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही मुख्य चित्रपटाआधी काहीतरी दाखवणं बंधनकारक झालं. ती जागा सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या बातमीपटांना आणि माहितीपटांना मिळाली. १९५६ला तिथे कार्टून विभाग सुरू झाला, डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर तिथे घडले. हातात कसब होतं, देशभरच्या थिएटरांत हक्काची जागा होती. पण काम आलं ते मुख्यतः लोकशिक्षणाचं: बचत, आरोग्य, कुटुंबनियोजन. ज्याची पुढची फिल्म कधी येणार म्हणून थिएटरवाला पत्र लिहील, असं एखादं पात्र उभं करायला कुणी सांगितलं नाही. माझ्या धंद्यातली ही सर्वांत मोठी हुकलेली संधी, असं मी मानतो.

मुलीसोबत बघायचं तर 'द यँकी डूडल माउस', 'द लिटल ऑर्फन', 'द टू माउसकिटिअर्स' आणि अर्थात 'द कॅट कॉन्सर्टो' शोधून बघा. कंप्युटरवर यूट्यूब लावलंत तर फिल्म थांबवून कीबोर्डवरच्या पूर्णविरामाच्या बटणाने एकेक चौकट पुढे जाते, स्वल्पविरामाच्या बटणाने मागे. टॉम पळायला सुरुवात करतो ती जागा धरा. आधी काही चौकटी तो उलट दिशेला मागे खेचला जातो, पाय गोल फिरतात, मग दोन-तीन चौकटींत अंग रबरासारखं ताणून तो दिसेनासा होतो आणि धुळीचा ढग तेवढा राहतो. बटण मुलीच्या हातात द्या आणि ढग विरायला किती चौकटी लागतात ते तिला मोजू द्या.